रोवणीचा चिखल आणि मागचा ब्रेक

आषाढ-श्रावणात आमगावहून सालेकशाकडे मोटरसायकलने निघालं, की डांबर कुठे संपतं आणि बांधी कुठे सुरू होते हे डोळ्यांना दिसतं, पण चाकांना कळत नाही. रोवणीचे दिवस असतात. एका शेतातली चिखलणी उरकून दुसऱ्या शेताकडे निघालेले ट्रॅक्टर केजव्हीलमधला चिखल रस्त्यावर सांडत जातात. त्यावर पावसाची एक सर पडली की चांगला पक्का रस्ताही तेवढ्यापुरता शेत होतो. पुढे दरेकसाकडे जंगल, चढउतार, मुरमाचे फाटे. परतताना देवरीहून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला तर छत्तीसगडकडून येणाऱ्या ट्रकांच्या सोबतीने सुसाट धावायचं. एकाच दिवसात एकाच ब्रेकने ही सगळी कामं करायची असतात. म्हणून गोंदिया जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याने ब्रेक पॅड निवडताना पुण्या-मुंबईच्या रायडरपेक्षा जास्त विचार करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आपल्याकडे आता खेड्यांतही दिसतात. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली, रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये, एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं तेही याच काळात: नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून, सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून. एवढी पार्श्वभूमी पुरे. मला पॅडकडे यायचंय.

ब्रेक गाडीची गती खातो आणि तिची उष्णता करतो. गाडी, माणूस आणि सामान मिळून २७५ किलो धरा आणि वेग ताशी ८० किलोमीटर. थांबायचं तर सुमारे ६८ हजार जूल ऊर्जा दोन डिस्कांवर आणि चार पॅडांवर ओतावी लागते. वेग निम्मा केला की हीच ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. म्हणून महामार्गावर पॅडची परीक्षा उष्णतेची असते आणि कच्च्या रस्त्यावर चिखलाची. या दोन परीक्षांना दोन वेगळे विद्यार्थी बरे.

बाजारात मुख्यतः दोन जातींचे पॅड मिळतात. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, ग्राफाइट, रबर असा मालमसाला राळेने बांधलेला असतो. तो मऊ चावतो, आवाज कमी करतो, डिस्कला जपतो. पण फार तापला की राळेतून वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. सिंटर्ड पॅड म्हणजे तांबं आणि इतर धातूंची भुकटी दाबून, वितळणार नाही इतपत तापवून, कणाला कण चिकटवून केलेली वडी. ती उष्णता सोसते, ओलीचिंब असतानाही लगेच पकडते आणि जास्त टिकते. सेमी-मेटॅलिक या दोघांच्या मधला. पॅडच्या पाठीवर कधी कधी एफएफ, जीजी, एचएच अशी जोडअक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच म्हणजे त्याच्याही वर. ही अक्षरं पकड सांगतात; पॅड किती टिकेल किंवा चिखलात कसा वागेल, हे सांगत नाहीत. दुकानदार एचएचला ‘सगळ्यात भारी’ म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

इथे हर्बर्ट फ्रूडची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या डोंगराळ भागात घोडागाड्यांच्या लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यांवर शेतकरी जुने बूट ठोकत. उतारावर लाकडापेक्षा बुटाचं चामडं बरं पकडे. फ्रूडने ते पाहिलं, ब्रेकच्या अस्तरावर प्रयोग सुरू केले आणि १८९७ मध्ये कारखाना काढला. तोच पुढचा फेरोडो. १९०२ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्याचे तांब्याचे पॅड कानठळ्या बसतील असे किंचाळत. त्यावर अॅसबेस्टॉसच्या अस्तराचा तोडगा काढला तो फ्रूडनेच. पुढे अॅसबेस्टॉस फुप्फुसांना घातक ठरल्यावर पॅडच्या कारखान्यांना दुसरे तंतू शोधावे लागले. कशाला काय घासलं तर थांबतं, हा शोध सव्वाशे वर्षं चालू आहे. त्याची मुळं शेतकऱ्याच्या फाटक्या बुटात आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

आता आपल्या मातीकडे. पूर्व विदर्भातले धानउत्पादक मातीला नावांनी ओळखतात: कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी. कन्हार काळी आणि चिकट. ती कॅलिपरमध्ये जाऊन वाळली की गच्च बसते. सिहार पिवळसर आणि वाळूमिश्रित, बर्डी मुरमाड. पॅडचं खरं नुकसान या दोघी करतात. वाळूचा कण बहुतेक क्वार्ट्झचा, कठीणपणाच्या मोहस् मापावर ७. डिस्कच्या पोलादाला तो आरामात ओरखडतो. चाक फिरतं, वाळूपाणी डिस्कवर उडतं, पॅडखाली सापडतं आणि ब्रेक दाबला नसतानाही घासत राहतं. ऑरगॅनिक पॅडच्या मऊ अंगात हे कण रुतून बसतात आणि मग पॅडच सँडपेपर होतो. ‘सिंटर्ड पॅड डिस्क खातो’ असं गॅरेजात सर्रास ऐकू येतं. कोरड्या डांबरावर त्यात तथ्य आहे. पण सिहार मातीच्या चिखलात डिस्क खाणारी खरी वाळूच असते आणि तिथे ऑरगॅनिक पॅडही डिस्कला वाचवत नाही, उलट स्वतः आधी संपतो.

यात मागचं चाक जास्त सोसतं. पुढच्या चाकाने उडवलेला सगळा राडा मागच्या कॅलिपरवर येतो. शिवाय घसरड्या मुरमावर पुढचा ब्रेक जपून वापरावा लागतो, म्हणून आपण मागचाच सारखा दाबत राहतो. हिमालयन ४११ ची पुढची डिस्क ३०० मिलिमीटरची, मागची २४०. एक्सपल्सची पुढची २७६, मागची २२०. लहान डिस्क, लहान पॅड आणि काम मात्र दुप्पट.

मागच्या पावसाळ्यात कोहमाऱ्याजवळच्या एका गॅरेजात एका हिमालयनचा मागचा कॅलिपर उघडताना पाहिला. पिस्टनच्या बाजूचा पॅड पार पत्र्यापर्यंत गेलेला, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. मालक ‘पॅडच भिकार’ म्हणून चिडलेला. मिस्त्रीने कॅलिपर हाताने सरकवून पाहिला, तो हलेचना. “भाऊ, पॅडचा दोष नाही जी, पिना जाम आहेत.” रबरी बूट फाटला होता, आत कन्हारीचा सुकलेला थर. त्याने पिना काढल्या, पॉलिश पेपरने गंज उतरवला, सिलिकॉन ग्रीस लावलं, बूट बदलला, तेव्हा कुठे नवे पॅड बसवले. तरंगता कॅलिपर पिनांवर सरकला नाही तर एकच पॅड राबतो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

माझी निवड सांगतो. मागे सिंटर्ड, हे बाराही महिने. पुढे कंपनीने दिलेल्या जातीचाच पॅड, कारण सुट्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम चावला तर चाक निसटतं. मऊ चावणारा पॅड बोटाला अंदाज देतो. माघ पौर्णिमेच्या सुमाराला दरेकसाजवळच्या कचारगडला गोंडी भाविकांची मोठी यात्रा भरते. तेव्हा रस्त्यावर पिठासारखी धूळ असते आणि माणसं अचानक आडवी येतात. तिथे तर मला पुढच्या मऊ ब्रेकचाच भरवसा वाटतो. ज्यांचं पावसातलं फिरणं मुख्यतः महामार्गावर आहे त्यांनी पुढेही सिंटर्ड घालावा; पण डिस्कला तो चालतो का, हे गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहावं. एका कॅलिपरमध्ये दोन जातींचे पॅड कधीही मिसळू नयेत.

सिंटर्डबरोबर एक जबाबदारी येते. धातू उष्णता लवकर वाहून नेतो, म्हणून कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल जास्त तापतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्या दमट पावसाळ्यात हे शोषण चालूच असतं. ऑइल दोन वर्षांनी बदललंच पाहिजे, ते वरून स्वच्छ दिसत असलं तरी.

वाचकांना एवढंच सांगणं: मृग लागण्याआधी मागचा कॅलिपर उघडून पिना साफ करून घ्या. पॅडचा मसाला १ मिलिमीटरवर येईपर्यंत थांबू नका, रोवणीच्या दिवसांत २ उरला की बदला. डिस्कवर कोरलेली किमान जाडी मोजायला मिस्त्रीला सांगा. नवे पॅड बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हलक्या हाताने ब्रेक लावत चालवा. चिखलातून घरी आलात की गाडीचं बाकी अंग उद्या धुतलं तरी चालेल, कॅलिपरवर मात्र त्याच दिवशी साध्या धारेने पाणी मारा.