बोंडू झाडाखाली का राहतो?

एखाद्या झाडाची थोरवी सांगण्याची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. मुळापासून शेंड्यापर्यंत एकेक भाग घ्यायचा, त्याचे उपयोग मोजायचे आणि शेवटी ‘या झाडाचे काहीच वाया जात नाही’ असा निर्वाळा द्यायचा. नारळ, केळ, पळस, मोह या सगळ्यांच्या वाट्याला हे कौतुक आलेले आहे. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. झाडाचा भाग उपयोगी असणे वेगळे आणि तो उपयोगात येणे वेगळे. मधले अंतर वाहतूक, कायदा, हंगाम आणि जवळपासचे गिऱ्हाईक ठरवते. झाडाच्या हाती त्यातले काही नसते. कोकणात हे सर्वांत स्वच्छ दिसते ते काजूत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या या झाडाचे शास्त्रीय अर्थाने खरे फळ म्हणजे बी. रसाळ बोंडू हा नुसता फुगलेला देठ. पण वजनात हा देठ बीच्या साधारण पाच ते दहा पट भरतो. म्हणजे एक टन बी देणाऱ्या बागेत काही टन बोंडू पिकतो, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत त्यातला बराचसा झाडाखालीच कुजतो.

बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात गेले की याच बोंडवाचा भाव बदलतो. माती तीच, पाऊस तोच, झाडही तेच. पण सत्तरी-पेडण्याच्या डोंगरांत मार्च ते मे भट्ट्या पेटलेल्या असतात. पिकून गळलेले बोंडू बी पिळून काढल्यावर जांभ्या दगडात कोरलेल्या कुंडात, म्हणजे कोळंबीत, तुडवतात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवले की थेंबथेंब पाझरतो तो नीरो; तो ताजा, गोडच पितात. तुडवलेला रस पाणी किंवा यीस्ट न घालता काही दिवस आंबू देतात. त्याच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाने हुर्राक मिळतो आणि हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी. चोथा गुरांना किंवा खतात जातो. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ही साखळी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. ती चालली कारण बोंडू सडायच्या आत पोहोचेल एवढ्या अंतरावर भट्टी होती, आणि ती लावायला परवाना मिळत होता. नाक्याच्या अलीकडे, महाराष्ट्रात, 1949 चा दारूबंदी कायदा होता. भट्टी लावणारा काजकार पलीकडे व्यावसायिक होता, तर अलीकडे तेच काम केले की गुन्हेगार ठरत होता. सीमेलगतचे काही बोंडू टेम्पोने गोव्याकडे जातातही. पण आतल्या तालुक्यांतला बोंडू एवढा प्रवास सोसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की दोष बोंडवाचाच आहे. तो दिवसभरात मऊ पडतो, खाल्ला तर घसा धरतो, शिवाय गोळा करायला माणसे कुठून आणायची? यातला मजुरीचा मुद्दा वाटतो तेवढा खरा नाही. बी मिळवण्यासाठी बाई किंवा गडी झाडाखाली वाकतोच, बोंडू हातात घेतोच आणि बी पिळून बोंडू टाकतो. वेचण्याची मजुरी तिथवर झालेली असते. उरतो तो फक्त वाहून नेण्याचा खर्च, आणि तो भट्टी किंवा रसाचा कारखाना किती लांब आहे यावर ठरतो. घसा धरणारे टॅनिनही अजिंक्य नाही. साबुदाण्याची पेज रसात घातली की टॅनिन तळाशी बसते, हे घरच्या भांड्यात करता येण्याजोगे काम आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गावोगावी दारूच्या भट्ट्या लावून शेतकऱ्याचे कोणते भले होणार? दारूने घरे बसलेली पाहणाऱ्या समाजाने हा प्रश्न विचारायलाच हवा. पण बोंडवापुढे दारू हा एकच रस्ता आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. काजूच्या मायदेशी, ब्राझीलच्या पिआउई राज्यात, बोंडवाचा रस गाळून निवळ करतात, बाटलीत भरून तापवतात आणि सोनेरी रंगाची, अल्कोहोल नसलेली काजुईना विकतात. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असलेल्या फळाला इतपत मान मिळायला हरकत नसावी. कुजलेला बोंडू मातीलाच मिळतो, मग वाया कसा, असेही कोणी म्हणेल. मिळतो खरा, पण काही टन फळ ही खताची फार महागडी जात झाली.

टरफलाची गोष्ट उलट्या दिशेने घडली. बीच्या वजनात जवळपास सत्तर टक्के टरफलच असते आणि त्याच्या जाळीदार पोटात दाहक तेल भरलेले असते. काजू हा आंबा आणि बिब्बा यांच्याच कुळातला. बिब्ब्याने अंग उतते ते ज्या प्रकारच्या द्रव्यांनी, त्यांचीच भावंडे इथे आहेत. किनाऱ्यावरच्या लोकांनी हा दाहकपणाच कामाला लावला आणि होड्यांचे लाकूड व जाळी टिकावीत म्हणून हे तेल चोपडले. पुढे रसायनशास्त्राने दाखवले की तापवल्यावर या तेलातून कार्डानॉल मिळते. आज ते गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, रंग-व्हार्निशांत आणि जहाजांच्या लेपांत जाते. ज्या वस्तूपासून हात वाचवायला काजू फोडणाऱ्या बायका राख आणि खोबरेल लावतात, तिचाच बाजार उभा राहिला. मात्र त्यासाठी तेल वाया जाणार नाही अशा पद्धतीने, उदाहरणार्थ वाफवून, बी फोडावी लागते. जुन्या पद्धतीने भट्टीत भाजली तर तेलाचा बराच भाग काळ्या धुरातून निघून जातो. म्हणजे इथेही पद्धत बदलली तेव्हाच टरफलाला किंमत आली.

गरावरच्या तांबूस सालीचे टॅनिन कातडी कमावायला लागते, एवढे सांगून पुढे जाता येईल. कारण खरा पेच, किंमत आली तरी ती कोणाच्या पदरात पडते, हा आहे. ओल्या काजूगरांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे: बी कोवळी असतानाच फोडून गर शेकड्यावर विकले जातात, उसळीसाठी हौसेने घेतले जातात आणि पैसे थेट बागवाल्याच्या घरात येतात. वाळलेली बी किलोवर विकली की तिच्याबरोबर टरफल, तेल, साल सगळेच बागेबाहेर जाते आणि तेलाचा पैसा कारखानदाराला मिळतो. शेतकऱ्याने घरीच काजू फोडायचा म्हटला, तर टरफल थोडे साठते आणि तेवढ्यासाठी तेल काढणारा गाडी पाठवत नाही. चार-पाच वाड्यांचे टरफल एका शेडमध्ये आले तर पाठवील. आणि त्याच शेडशेजारी रस गाळायचे यंत्र बसले, तर सकाळी वेचलेला बोंडू दुपारच्या आत तिथे पोहोचू शकतो.