खोडकर नायिका लहानग्यांना मानवतात का?
झाशीच्या मनूपासून पॅरिसच्या मॅडेलिनपर्यंत : चित्रपुस्तकांतील हट्टी मुलींविषयीच्या जुन्या वादाचा मागोवा

झाशी शहरातून दक्षिणेला बबीना-ललितपूरच्या दिशेने निघाले की बिजौली लागते. झाशीचा किल्ला येथून फार दूर नाही. या परिसरात वाढणाऱ्या मुलांना राणी लक्ष्मीबाई पाठ्यपुस्तकात भेटण्याच्या आधीच पुतळ्यांतून, तोंडी गोष्टींतून आणि रंगीत चित्रांतून भेटलेली असते. त्या चित्रांपैकी एक महाराष्ट्रातील मुलांच्याही परिचयाचे आहे. ब्रह्मावर्त येथे नानासाहेब हत्तीवर बसून निघाले आहेत आणि खाली उभी असलेली छोटी मनू आपल्यालाही बसवावे म्हणून हट्ट धरून आहे. वडील तिला समजावतात की हत्ती आपल्या नशिबी नाही. त्यावर ती ताडकन उत्तर देते की माझ्या नशिबी एक सोडून दहा हत्ती आहेत.

ही गोष्ट ऐकून मोठी माणसे कौतुकाने हसतात. मात्र घरातील पाच वर्षांच्या मुलीने असेच उलट उत्तर दिले, तर बहुतेक घरांत तिला रागे भरले जाते. खोडकर, हट्टी, न घाबरणाऱ्या नायिका लहान वाचकांच्या हाती द्याव्यात का, या प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे. हा वाद जगभर जुना आहे. मराठी घरांत तो फारसा उघडपणे मांडला जात नाही, पण पुस्तक विकत घेताना आणि मुलांना वाचून दाखवताना तो मनात असतोच.

इतिहासातील मनू आणि चित्रातील मनू

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका तांबे. त्यांचा जन्म वाराणसीचा. वडील मोरोपंत तांबे पुढे ब्रह्मावर्त येथे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला गेले. आई लहानपणीच वारल्यामुळे मनू पेशव्यांच्या वाड्यात, पुरुषांच्या वावरात वाढली. बाजीराव तिला लाडाने ‘छबिली’ म्हणत, असे सांगितले जाते. १८४२ मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचा विवाह झाला. हे नेवाळकर घराणेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. त्यामुळे झाशीची राणी ही बुंदेलखंडाइतकीच मराठी मुलखाचीही.

तिच्या बालपणाविषयी समकालीन कागदपत्रे मात्र अगदी थोडी आहेत. जन्मवर्षाबाबतही एकमत नाही. १८२८ हे वर्ष रूढ असले तरी काही अभ्यासक १८३५ मानतात. चित्रांत मनू, नानासाहेब आणि तात्या टोपे हे एकाच वयाचे सवंगडी म्हणून दाखवले जातात. प्रत्यक्षात नानासाहेबांचा जन्म १८२४ चा, तर तात्यांचा १८१४ च्या सुमाराचा. म्हणजे तात्या मनूहून किमान चौदा वर्षांनी मोठे ठरतात. द. ब. पारसनीस यांचे मराठी चरित्र १८९४ मध्ये आले, तर झाशीत राणीला प्रत्यक्ष पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत १९०७ मध्ये छापला गेला. सुभद्राकुमारी चौहान यांची प्रसिद्ध हिंदी कविता आणि वृंदावनलाल वर्मा यांची १९४६ ची कादंबरी यांनी ही बालमनू हिंदी भाषक प्रदेशात घरोघरी पोहोचवली. पुढे अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ने तिला चित्रांच्या चौकटीत आणले.

तात्पर्य, घोडा फेकणारी, तलवार मागणारी, हत्तीसाठी हटून बसणारी मनू ही काही अंशी इतिहासाची आणि बऱ्याच अंशी पुढच्या पिढ्यांनी घडवलेली आहे. ती तशी घडवली गेली, कारण तशी मुलगी मुलांना आवडते.

तिचा खोडकरपणा मोठ्यांना खटकत नाही, याला मात्र वेगळे कारण आहे. ती पुढे राणी होणार आणि रणांगणावर प्राण देणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. जून १८५८ मधील ग्वाल्हेरच्या लढाईने तिचा बालपणीचा हट्ट जणू माफ करून टाकलेला असतो. तिचा हट्ट हा हट्ट राहत नाही, शौर्याची पूर्वखूण ठरतो. जिला पुढे राणी व्हायचे नाही, अशा साध्या मुलीच्या खोडीचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

शिक्षेपासून हसण्यापर्यंत

पाश्चात्त्य चित्रपुस्तकांनी या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने बदलत नेले. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक चित्रांची वही तयार केली आणि १८४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली; पुढे ती ‘श्ट्रुव्हेलपेटर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यातील पाउलिन ही मुलगी घरात एकटी असताना काड्यापेटीशी खेळते आणि जळून राख होते. मागे उरतात तिचे बूट आणि रडणारी दोन मांजरे. खोडी केली की भयंकर शिक्षा, असा त्या काळचा हिशेब होता.

शंभर वर्षांच्या आत हा हिशेब पालटला. लुडविग बेमेलमन्स यांची ‘मॅडेलिन’ १९३९ मध्ये आली. पॅरिसमधील एका घरात रांगेने वावरणाऱ्या बारा मुलींपैकी ती सर्वांत लहान आणि सर्वांत धीट. प्राणिसंग्रहालयातील वाघालाही ती जुमानत नाही. १९५३ च्या दुसऱ्या पुस्तकात ती पुलाच्या कठड्यावरून चालताना सीन नदीत पडते आणि एक कुत्री तिला वाचवते. येथे खोडीचा परिणाम आहे, पण सूड नाही. मुलगी पडते, भिजते, वाचते आणि पुन्हा तशीच धीट राहते.

१९४५ मध्ये स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची ‘पिप्पी’ अवतरली. आईवडिलांविना एकटी राहणारी, घोडा उचलणारी, शाळेला न जुमानणारी ही नऊ वर्षांची मुलगी एका मोठ्या प्रकाशन संस्थेने आधी नाकारली होती. मूळ पुस्तक कादंबरीवजा असले तरी लवकरच तिची चित्रपुस्तकेही निघाली. १९४६ मध्ये योन लांडक्विस्ट या समीक्षकाने तिच्यावर वृत्तपत्रातून कडाडून टीका केली आणि स्वीडनमध्ये मोठा वाद पेटला. आज हीच पिप्पी स्वीडनची जगातील सर्वांत परिचित बालनायिका मानली जाते.

न्यूयॉर्कच्या आलिशान हॉटेलात राहणारी सहा वर्षांची ‘एलॉइज’ १९५५ मध्ये आली. के थॉम्पसन यांनी लिहिलेल्या आणि हिलरी नाइट यांनी चित्रांकित केलेल्या या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच ते अकाली शहाण्या प्रौढांसाठी असल्याचे गमतीने नमूद केले होते. पुढे ते मुलांनी आपलेसे केले. लिफ्ट वर-खाली करणारी, नोकरांची धांदल उडवणारी एलॉइज वाचताना मुले हसतात. त्याच वेळी, जिचे आईवडील पानांवर कुठेच दिसत नाहीत अशा या मुलीचे एकटेपण मोठ्या वाचकाला जाणवते. एकाच पुस्तकाचे असे दोन वाचक असतात.

अनुकरणाची भीती कितपत खरी?

‘पुस्तकात वाचून मुले तसेच करतील’ हा पालकांचा मुख्य आक्षेप असतो. तो सर्वस्वी निराधार नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्याविषयीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पात्रे माणसांची होती तेव्हा मुलांनी नंतर अधिक वाटून दिले. तीच गोष्ट प्राण्यांच्या पात्रांसह वाचली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे आपल्यासारख्या दिसणाऱ्या पात्राकडून मुले अधिक सहज शिकतात. हा निष्कर्ष चांगल्या वागण्याविषयीचा आहे, पण तो खोडीलाही लागू पडणे अशक्य नाही.

दुसरीकडे, भीती दाखवून मूल सुधारते, या समजुतीलाही संशोधनाने धक्का दिला आहे. काँग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना एका खेळण्याकडे डोकावून पाहू नका, असे सांगून एकटे ठेवण्यात आले. नंतर त्यांना एक गोष्ट वाचून दाखवून खरे काय ते विचारण्यात आले. खोटे बोलल्याबद्दल नाक लांब होणाऱ्या पिनोकियोच्या किंवा लांडगा आला रे आला या गोष्टीने मुले अधिक खरे बोलली नाहीत. चूक कबूल केल्यावर शाबासकी मिळवणाऱ्या बाल जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने मात्र फरक पडला. त्या गोष्टीचा शेवट बदलून शिक्षेचा केला, तेव्हा तो परिणामही नाहीसा झाला.

हा प्रयोग खरेपणाविषयी होता, खोडीविषयी नव्हे. तरी त्यातून एक दिशा मिळते. पाउलिनची राख दाखवून मुलगी शहाणी होईलच असे नाही. चूक झाल्यावर ती सांगता येते आणि ती सांगितल्यावर घर आपल्याला टाकून देत नाही, हे दाखवणारी गोष्ट अधिक उपयोगी ठरू शकते.

वयाचा विचारही महत्त्वाचा आहे. तीन-चार वर्षांची मुले खोटे-खोटे खेळणे आणि खरे यांतील भेद बऱ्यापैकी ओळखतात. परंतु पुस्तकातील अमुक गोष्ट प्रत्यक्षात घडू शकेल का, हे ठरवताना त्यानंतरही त्यांचा गोंधळ होतो. घोडा उचलणारी पिप्पी मुलांना सहज अतिशयोक्त वाटते. कठड्यावर चालणारी मॅडेलिन तशी वाटेलच असे नाही, कारण कठडा प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. म्हणून धोका अचाट करामतींपेक्षा हाताशी असलेल्या करामतींत अधिक असतो. आगकाडी, गच्ची, विहीर, रस्ता हे विषय आले की वाचणाऱ्या मोठ्या माणसाने क्षणभर थांबणे गरजेचे ठरते.

चित्रपुस्तकाचे वेगळेपणही येथेच आहे. ते मूल एकटे वाचत नाही. कोणाच्या तरी कुशीत बसून ऐकते आणि त्याच वेळी स्वतः चित्रे वाचते. मजकूर एक सांगतो आणि चित्र दुसरे, ही गंमत मुले फार लवकर टिपतात. पॅट हचिन्स यांच्या १९६८ च्या ‘रोझीज वॉक’ या पुस्तकात कोंबडी फिरायला निघाल्याचे मजकूर सांगतो. तिच्या मागावर असलेला कोल्हा फक्त चित्रात दिसतो. असे पुस्तक पाहणारे मूल सांगितलेले निमूटपणे मान्य न करता पडताळून पाहायला शिकते. नायिकेची खोडी बघतानाही हीच पडताळणी चालू असते.

मराठी कपाटात काय आहे?

मराठी बालसाहित्यात खोड्यांना तोटा नाही, पण त्या बहुतांशी मुलग्यांच्या वाट्याला आल्या आहेत. ना. धों. ताम्हनकर यांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’, दिलीप प्रभावळकर यांचा ‘बोक्या सातबंडे’ ही नावे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आहेत. ताम्हनकरांनीच ‘चिंगी’ लिहिली, पण तिचे नाव गोट्याइतके सर्वतोमुखी झाले नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या चित्रपुस्तक संचाने एका लहान मुलीच्या नजरेतून घरातील माणसे दाखवली. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

हे असंतुलन मराठीपुरते नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सुमारे साडेपाच हजार बालपुस्तकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षीच्या पुस्तकांपैकी सरासरी ५७ टक्क्यांत मध्यवर्ती पात्र पुरुष वा नर होते, तर स्त्री वा मादी पात्र ३१ टक्क्यांत. कपाटात मुलीच कमी असतील, तर जी एखादी असते तिने आदर्शच असावे, अशी अपेक्षा तिच्यावर लादली जाते. मुलग्याची खोडी हे बालपण ठरते आणि मुलीची खोडी हे वळण बिघडल्याचे लक्षण. या तुलनेत खोडकर नायिकेचे खरे मोल आहे. तिच्यामुळे मुलीला आणि तिच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या भावालाही कळते की चुकण्याचा अधिकार दोघांचा सारखाच आहे.

पुस्तक निवडताना

या साऱ्या विवेचनातून पालकांना आणि शिक्षकांना काही कसोट्या लावता येतात. खोडीचे हसे कोणाच्या जिवावर होते, हे आधी पाहावे. बलवान, गर्विष्ठ किंवा रुक्ष मोठ्यांची फजिती मुलांना मोकळे करते. दुबळ्याची, गरिबाची, व्यंग असलेल्याची फजिती त्यांना निर्दय बनवू शकते. एलॉइज वाचताना नोकरांविषयी बोलणे म्हणूनच आवश्यक आहे. कृतीला परिणाम आहे का, आणि तो सूडासारखा आहे की समजावणारा, हेही पाहावे. वाचून झाल्यावर बोधवाक्य सांगण्यापेक्षा ‘तू असतीस तर काय केले असतेस’ असा साधा प्रश्न मुलीला अधिक विचार करायला लावतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ या वयोगटासाठी गोष्टी आणि चित्रपुस्तके यांना महत्त्वाचे स्थान दिले आहे. ‘स्टोरीवीव्हर’सारख्या मुक्त संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीतही चित्रपुस्तके उपलब्ध आहेत. शहरातील मोठ्या दुकानापासून दूर असलेल्या घरांनाही आता निवड करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

मनूची गोष्ट तर कोणत्याही खर्चाविना सांगता येते. मात्र ती सांगताना पुढचे राणीपद क्षणभर बाजूला ठेवून पाहावे. आई नसलेली एक लहान मुलगी, समोरून जाणारा हत्ती आणि त्यावर बसण्याची तिची इच्छा, एवढेच त्या प्रसंगात असते. तिचे उत्तर उद्धट आहे की नाही, हे ऐकणाऱ्या मुलांनाच ठरवू द्यावे. त्या दिवशी मनूला हत्तीवर का घेतले नाही, असा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला, तर त्याचे खरे उत्तर देण्याची तयारी मोठ्यांनी ठेवायला हवी.