टॉप क्वार्कचा स्पिन कसा ओळखतात?

बंगळूरात भारतीय विज्ञान संस्था आहे. पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) इथे १९९५ पासून होत्या. पुढे त्यांनी ज्यावर काम केलं तो टॉप क्वार्क हा मूलकण अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये सापडला तोही त्याच वर्षी.

हा कण जवळजवळ सोन्याच्या अणूइतका जड. आयुष्य मात्र सेकंदाच्या एक हजार कोटी कोटी कोटीव्या भागाहूनही कमी. इतर क्वार्कांशी जोडी जमवायच्या आतच तो मोडतो, आणि त्यामुळेच त्याच्या स्पिनची, म्हणजे अंगभूत फिरकीची, दिशा पुसली जात नाही. ती थेट दिसत नाही; मोडताना बाहेर पडणारा इलेक्ट्रॉनचा किंवा म्युऑनचा प्रतिकण कुठे गेला यावरून ओळखायची. सगळ्या टॉपांचे स्पिन एकाच दिशेला असतील, तर टॉपच्या दृष्टीने शंभरातले सुमारे ७५ प्रतिकण, म्हणजे पॉझिट्रॉन वा अँटिम्युऑन, त्या दिशेच्या अर्धगोलात जातात. स्पिन विस्कळीत असतील तर ५०.

अडचण अशी की मोडण्याच्या क्रियेतच काही अज्ञात भौतिकी लपलेली असेल तर? मग मोजपट्टीच वाकडी. गोडबोले, सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंग यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मोडण्यातला असा बदल लहान असला तर या प्रतिकणांच्या कोनांची वाटणी त्याने ढळत नाही. मला हा निष्कर्ष फार देखणा वाटतो. एलएचसी या कणत्वरकात जोडीने जन्मणारे टॉप एकेकटे पाहिले तर जवळपास अध्रुवित, म्हणजे स्पिन विस्कळीत असलेले, असतात. तिथे ठळक ध्रुवण दिसलं, तर संशय जन्माच्या क्रियेवरच घ्यायचा.