खुर्चीचं आयुष्य मोजायचं कसं?

टिकाऊपणावर काम करायचं म्हटलं की आपण आधी लाकूड तपासतो. पण चंदीगडची खुर्ची बघा. १९५०च्या दशकात पिएर झानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी तिचं डिझाइन झालं. सागवान, वेताची वीण, उलट्या 'व्ही'सारखे पाय, बस्स. वेत तुटला तर नवा विणायचा. सांगाडा तोच राहतो. तरीही पुढे अशा कित्येक खुर्च्या भंगारात निघाल्या, आणि त्यातल्याच काही परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. लाकूड तेच हं!

म्हणजे आकडे दोन: वस्तू मोडेपर्यंतची वर्षं आणि आपण ती काढून टाकेपर्यंतची. 'कमी सामानात राहा' म्हणणारं बरंचसं लेखन दुसऱ्याकडे बघतच नाही, असं मला वाटतं. तेव्हा प्रश्नावलीत 'कधी मोडली?'च्या जोडीला 'कधी काढली, आणि का?' हेही विचारा.