ई-मेलने दर कळविताना : साधा मजकूर की सजावटीचा?

समजा, खांदा कॉलनीतील एका फॅब्रिकेशनवाल्या बांधवाकडे न्हावा शेवा बंदराजवळच्या गोदामातून लोखंडी रॅकच्या कामाची विचारणा आली. रात्री दुकान बंद केल्यावर तो दरपत्रक तयार करतो. एका जाहिरात सेवेचा तयार नमुना घेऊन वर दुकानाचा रंगीत बोर्ड लावतो आणि दरांचा तक्ता चित्र करून मध्ये बसवितो. त्याच्या पडद्यावर सगळे झकास दिसते. गोदामाच्या कचेरीत मात्र रिकाम्या चौकटी उघडतात आणि काम दुसऱ्याला जाते. आपला माणूस म्हणतो, नशिबात नव्हते.

यात नशिबाचा दोष नाही. ई-मेल मुळात केवळ साधी अक्षरे पाठविण्यासाठी होता. १९९२ साली ‘माइम’ ही पद्धत ठरली, तेव्हापासून इतर लिप्या, चित्रे व जोडपत्रे पाठविण्याची सोय झाली. पुढे वेबपानांची एचटीएमएल भाषाही पत्रांत आली. ठळक अक्षरे, रंग, चौकटी या तिच्यातील सूचना होत. प्रत्येक प्रोग्राम त्या आपापल्या परीने पाळतो. चित्र तर बहुधा पत्रात नसतेच, दूरच्या सर्व्हरवरील त्याचा पत्ता तेवढा पत्रात असतो. सुरक्षिततेसाठी अनेक कचेऱ्यांत अशी चित्रे आपोआप उघडू देत नाहीत. बहुतेक प्रोग्राम सजावटीच्या पत्रासोबत त्याच मजकुराची साधी प्रतही पाठवितात, पण चित्रातले आकडे त्या प्रतीत उतरत नाहीत.

उधारीच्या व्यवहारात ही गोष्ट अधिक गंभीर आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, हे आपण जाणतोच. दर आणि मुदत दूरच्या सर्व्हरवरील चित्रात असेल आणि दोन वर्षांनी तो सर्व्हर बंद पडला, तर पत्र राहील पण त्यातला करार गेलेला असेल. म्हणून वस्तू, नग, दर, एकूण रक्कम व पैसे देण्याची तारीख नेहमी अक्षरांतच टाइप करावी. एका ओळीत एकच वस्तू लिहावी. मोकळ्या जागा सोडून रकाने जुळवू नयेत, कारण समोरचा फॉन्ट बदलला की ते विस्कटतात. तक्ता हवाच असेल तर पीडीएफ जोडावी आणि एकूण रक्कम पत्रातही लिहावी.

सजावटीचे पत्र सर्वस्वी वाईट असे नाही. उर्दू पत्रात मध्येच इंग्रजी शब्द व आकडे आले की साध्या मजकुरात ओळीची दिशा गोंधळते. एचटीएमएलमध्ये उजवीकडून डावीकडे ही दिशा नेमून देता येते. मराठीसाठी मात्र युनिकोड पुरेसे आहे. जुन्या फॉन्टमधील मराठी साध्या पत्रात चिकटविली तर समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि सजावटीच्या पत्रातही तो फॉन्ट समोरच्याकडे असेल तरच ती वाचता येते.

आता येणाऱ्या पत्रांविषयी. सजावटीच्या पत्रात वर एक पत्ता दिसतो आणि बोट दाबल्यावर दुसरेच पान उघडू शकते. साध्या मजकुरात जो पत्ता लिहिला तोच दिसतो. कंपनीचे बोधचिन्ह तर कोणीही उचलून लावू शकतो. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र कितीही देखणे असले, तरी आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करणे म्हणजे ठगालाच विचारणे होय.

संगणकावर जीमेलमध्ये पत्र लिहिण्याच्या चौकटीत खाली तीन टिंबे आहेत, तेथे ‘प्लेन टेक्स्ट मोड’ निवडता येतो. सजावटीचेच पत्र पाठवायचे असेल तर ते आधी स्वतःला पाठवावे, चित्रे बंद ठेवून मोबाईलवर उघडावे आणि रक्कम वाचता येते का ते पाहावे.