भरलेली दाढ दुखते म्हणून उपटायची का?

नेदरलँड्समध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांचा कधी फोन येतो, "दाढ भरून घेतली, पैसे मोजले, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त दुखते. टांडआर्ट्स म्हणतो, थांबा." टांडआर्ट्स म्हणजे तिकडचा दंतवैद्य. इथून घरची वडीलमंडळी लगेच सांगतात, "काढून टाक ती दाढ!" वाचकहो, हा सल्ला मायेचा खरा, पण घाईचा आहे.

दाताच्या कठीण कवचाखाली डेंटिन नावाचा थर असतो. त्यातील केसाहून बारीक नळ्या आतल्या गरापर्यंत पोहोचतात, आणि या गरात रक्तवाहिन्या व नसा असतात. कीड खोल गेली की डॉक्टरांचे हत्यारही गराच्या अगदी जवळ येते. आधीच त्रासलेला गर त्याने आणखी सुजतो. बोट सुजले तर त्याला फुगायला जागा असते. गराभोवती मात्र चारी बाजूंनी भिंत. म्हणून एवढ्याशा सुजेची एवढी कळ! गरात जीव असेल तर तो हळूहळू शांत होतो, आतून डेंटिनचा नवा थरही घालतो. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

याच कारणाने हल्ली खोल दाढ भरताना गरालगतची थोडी मऊ कीड मुद्दाम आत ठेवतात. ऐकून नवल वाटेल. पण वरचे भरण घट्ट बसले की आत कोंडलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही, कीड पुढे सरकत नाही. सगळे खरवडण्याच्या नादात गर उघडा पडला तर तोच गमावण्याची भीती.

दातांवरचे हे जंतू प्रथम पाहिले तेही याच देशात. डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी फान लेव्हेनहुक याने १६८३ साली आपल्या दातांवरचा पांढरा थर स्वतः बनवलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यातले हालते सूक्ष्म जीव लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. (त्या वेळी आपले बेटही डचांच्याच ताब्यात होते. ऊस त्यांनीच १६३९ साली जावाहून इथे आणला. दातांना ती भेट महागच पडली!)

असो. थांबायचे कुठवर? गार पाण्याने सणक येते आणि घोट गिळताच जाते, एवढेच असेल तर धीर धरावा. फक्त चावताना दुखत असेल तर अनेकदा भरण किंचित उंच राहिलेले असते. तोंड सुन्न असताना ते कळत नाही. थोडे घासले की काम होते, त्यासाठी आठवडे सोसू नये. पण काही न खाता ठणका लागतो, गरम चहाची कळ मिनिटेच्या मिनिटे रेंगाळते, रात्री झोपेतून उठवते, तर गर वाचण्याची आशा कमी. तरीही रूट कॅनाल करून दाढ बहुतेक वेळा राखता येते. असा ठणका एके दिवशी आपोआप थांबला तर बरे वाटले असे समजू नये. गर मेलेलाही असू शकतो. गालाला सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी फोन करावा.

तोवर पॅरासिटामॉल घ्यावे, पण प्रौढाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही. अँटिबायोटिकसाठी हट्ट धरू नये. सुजलेल्या गराची कळ त्याने जात नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची जुनी सवय वाईट, हिरडी भाजते. निव्वळ लवंगतेलही तसेच, जपून.

खरी अडचण पैशाची. अठरा वर्षांपुढच्या माणसाच्या दातांचा साधा खर्च तिथल्या मूळ आरोग्यविम्यात बसत नाही; जादा विमा नसेल तर बिल आपल्या खिशातून. रूट कॅनालचा दर मुळातल्या नळ्यांच्या संख्येप्रमाणे वाढतो, आणि दाढेला सहसा तीन-चार नळ्या असतात. काढणे स्वस्त, म्हणून मुले तिकडे झुकतात. पुढे शेजारचे दात कलतात, आणि रिकामी जागा भरायची म्हटले की खर्च आणखी मोठा. तेव्हा फोनवर "काढून टाक" म्हणण्याआधी विचारावे, "अंदाजपत्रक मागितलेस का?" २५० युरोंपासून पुढच्या उपचाराला ते आधी देणे दंतवैद्यावर बंधनकारक आहे.