चेंडूवरचे साक्षीदार

बेसबॉलच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या जगात १९२७च्या न्यूयॉर्क यांकीज संघाने सह्या केलेल्या चेंडूला फार मोठा मान आहे. त्या मोसमात यांकीजने ११० सामने जिंकले आणि ४४ गमावले; बेब रूथने ६० होमरन मारले, लू गेरिगने ४७; वर्ल्ड सिरीजमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सचा ओळीने चार सामन्यांत फडशा पाडला. साहजिकच गिऱ्हाइकाची नजर आधी रूथच्या सहीवर जाते आणि ती किती ठळक आहे यावर बोली चढते. पण चेंडू खरा आहे का, हे विचारायचं असेल तर मला वाटतं रूथला थोडा वेळ बाजूला ठेवावं आणि शिवणीजवळ दाटीवाटीने बसलेली, आज कुणाला न आठवणारी नावं आधी वाचावीत.

रे मोरहार्ट हे त्यातलंच एक नाव. हा सेकंड बेसमन यांकीजकडून फक्त १९२७मध्ये खेळला, त्यामुळे त्याची सही रूथच्या सहीपेक्षा साल अधिक नेमकं सांगते. रूथ १९२० ते १९३४ एवढा काळ संघात होता आणि सह्यांबाबत त्याचा हात इतका सढळ, की त्याच्या एकट्याच्या नावावरून काळ ठरवणं अवघड. उलट बिल डिकी संघात आला १९२८मध्ये. तो चेंडूवर असेल तर १९२७चा दावा तिथेच संपला. गोलंदाज अर्बन शॉकर सप्टेंबर १९२८मध्ये वारला, व्यवस्थापक मिलर हगिन्स पुढच्याच सप्टेंबरमध्ये. आता चेंडूवरचा छाप पाहा. अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असे. १९२७च्या मोसमात ते बॅन जॉन्सनचं होतं. विल्यम हॅरिज अध्यक्ष झाला १९३१मध्ये. हॅरिजच्या नावाच्या चेंडूवर हगिन्सची सही असेल, तर ती मेलेल्या माणसाने केलेली आहे. शाईचंही तसंच. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं १९४५च्या अखेरीस, तेव्हा बॉलपेनने सही करणारा शॉकर कुणी दाखवला तर चहा पिऊन उठावं.

यावर पहिला आक्षेप असा की नकलाकारालाही हे सगळं ठाऊक असतं. तो जुना कोरा चेंडू आणि जुन्या धाटणीची शाई मिळवेल. खरं आहे. छाप आणि शाई खोटेपणा उघड करतात, खरेपणा सिद्ध करत नाहीत. पण एक सही गिरवणं आणि वीस-बावीस वेगवेगळ्या हातांची वळणं, दाब, वेग एकाच गोल पृष्ठभागावर उतरवणं यांत फरक आहे. शिवाय रूथच्या सहीचे नमुने भरपूर सापडतात, मोरहार्टचे शोधावे लागतात.

दुसरा आक्षेप : तज्ज्ञाचं प्रमाणपत्र असताना ही उठाठेव कशाला? १९९०च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने सॅन डिएगोहून ‘ऑपरेशन बुलपेन’ राबवून बनावट सह्यांची टोळी पकडली, तेव्हा खोट्या मालासोबत प्रमाणपत्रंही होतीच. मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा निघाला. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला एवढं गृहीत धरलेलं क्वचितच दिसतं. त्यानंतर, २००१मध्ये, मेजर लीगने स्वतःची व्यवस्था सुरू केली. तिचा नियम साधा : सही होताना अधिकृत साक्षीदार हजर हवा, मगच होलोग्राम. म्हणजे नुसत्या हस्ताक्षरावर लीगचाही भरवसा नाही. १९२७ला असा साक्षीदार नव्हता; ती उणीव थोडीफार भरून काढतात ते त्याच चेंडूवरचे सहकारी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. संघाचे चेंडू ड्रेसिंग रूममध्ये डझनांनी सह्यांसाठी ठेवले जात आणि कंटाळलेल्या नामवंतांच्या सह्या कधी तिथला कर्मचारी, कधी दुसरा खेळाडूच करून टाकी. म्हणजे बाकी सगळे खरे आणि नेमका रूथ खोटा, असंही होऊ शकतं. इथे सहकाऱ्यांची साक्ष अपुरी पडते : ती काळाची आणि जागेची ग्वाही देते, प्रत्येक हाताची नाही. म्हणून रूथची सही शेवटी स्वतंत्रपणेच तपासावी लागते. मात्र ती परक्या हातची निघाली तरी चेंडू बनावट ठरत नाही. त्या खोलीत सह्यांचं काम कसं उरकलं जाई, याचा तो अस्सल पुरावा असतो. बाजार त्याची किंमत पाडतो. ज्याला यांकीजचा इतिहास हवा आहे आणि खिसा बेताचा आहे, त्याने अशाच चेंडूवर लक्ष ठेवावं.